नीळ आणि नीळ्ळु

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, की शेजारच्यांची भाषा येत नाही, म्हणून जिन्यात भेटले की नुसतं हसून पुढे जाता. ते वाचून मला सोलापूरचं आमचं पहिलं घर आठवलं.

सत्तरच्या दशकातला एक टंचाईचा उन्हाळा होता. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी यायचं. कधी काय भरायचं याची यादी मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली होती. परसात कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचं. त्यांच्या मागाची खटखट दिवसभर चाले. नवरा इथेच वाढलेला, चांगलं मराठी बोलायचा. बायको तेलंगणातल्या गावाहून आलेली. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि मला तेलुगूचा.

एका दुपारी मी बादलीत नीळ कालवून धोतरं बुडवत होते. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन ती भिंतीशी आली, बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "अक्का, नीळ्ळु."

मला वाटलं, हिलाही नीळच हवी आहे. मी घरातून पुडी आणून तिच्या हातात ठेवली. तिने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुडी मुठीत धरून निघून गेली.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने ती पुडी भिंतीवर आणून ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाई, पाणी द्यायचं नसंल तर नाही म्हणायचं की. रांजण फुटला आमचा, लेकरू रडत होतं. अशी थट्टा कशाला?"

तेलुगूत नीळ्ळु म्हणजे पाणी, हे मला तेव्हा कळलं. मी काही सांगेपर्यंत तो आत गेला होता. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, झालं ते बरंच झालं, नाहीतर रोज आली असती. आमच्याकडे जातीबाहेरच्या माणसाला भांडं न देता ओंजळीत वरून पाणी ओतायची रीत होती. मला ती पटत नव्हती. पण खरं सांगते, शब्द कळला असता तरी त्या दिवशी मीही वरूनच धार धरली असती. रात्रभर तेच टोचत राहिलं.

सकाळी मी त्यांच्या दारात गेले. माग थांबला. नवऱ्याला सगळा घोटाळा सांगितला, तसा तो मोठ्याने हसला आणि त्याने बायकोला समजावलं. ती मात्र हसली नाही. माफी कोणत्या भाषेत मागायची ते मला सुचेना. मी उंबऱ्याच्या आत जाऊन खाली बसले आणि म्हणाले, "अक्का, नीळ्ळु."

तिने नवऱ्याला हळूच काहीतरी विचारलं.

"ती विचारते," तो म्हणाला, "आमच्या हातचं चालंल का तुमाला?"

"चालेल. तहान लागली आहे."

तिने पितळी पेला आणला. पेला अर्धाच होता, कारण घरात तेवढंच पाणी होतं. मी तोंड लावून प्यायले. पेला परत घेताना ती पहिल्यांदा हसली.

मग घरून कळशी भरून नेली. सासूबाई म्हणाल्या, आता डोक्यावरून आंघोळ कर. मी दाराची यादी दाखवून म्हटलं, आज पाण्याचा दिवस नाही. त्या चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी परसातून त्यांचाच आवाज आला, "अगं ए, नीळ्ळु पाहिजे का?"

आम्ही ते घर सोडेपर्यंत मी भिंतीवरून काहीही मागितलं, मीठ असो की सुई, की ती गंभीर चेहऱ्याने आधी निळीची पुडी पुढे करायची.

तुमच्या शेजाऱ्यांच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात, ते विचारून मला कळवा.