मागच्या दाराचा मग

शेवंतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात हसत होते, कशावर ते आता आठवत नाही. त्याला दीड महिना झाला. तिच्याबद्दल चांगलंच लिहायचं असं ठरवून बसले, पण लिहायला घेतलं की कल्याणमधलं ते हॉटेल डोळ्यांपुढे येतं आणि तोंड कडू होतं.

मी मुरबाडजवळच्या शाळेतली. दहावीनंतर ठाकुर्लीला मावशीच्या एका खोलीत राहिले, म्हणून शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मावशी एका रेल्वे अधिकाऱ्याच्या बंगल्यात धुणीभांडी आणि स्वयंपाकाची वरकामं करायची. बंगला गोऱ्यांनी बांधलेला, साहेब मात्र तोवर आपलेच झाले होते. पहाटे माझा डबा भरून ती कामाला निघायची. माझी फी तिथूनच आली.

गेल्या वर्षी त्या बंगल्याचं हॉटेल झालं. मला बढती मिळाली होती. ठरवलं, मावशीला तिथे पुढच्या दाराने न्यायचं, साहेबांच्या दिवाणखान्यात बसवून जेवू घालायचं. रिक्षातून उतरल्यावर मी गेटवरच्या माणसाशी टेबलाबद्दल बोलत होते. वळून पाहिलं तर नवं लुगडं नेसलेली मावशी भिंतीच्या कडेकडेने मागच्या बाजूला चालली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. मागे आता एसीची यंत्रं आणि उष्ट्याची निळी पिंपं होती. वास येत होता. “सवय गं,” ती ओशाळून म्हणाली.

आत गेलो आणि मला शिसारी आली. वेटरांना लाल पट्टे आणि फेटे बांधून पट्टेवाले बनवलेलं. प्रत्येक टेबलावर नोकराला बोलवायची पितळी घंटा. शेजारच्या टेबलावरची पोरं ती उगाच वाजवत होती, वेटर वाकला की व्हिडिओ काढत होती. भिंतीवर जुना फोटो, पायरीवर अनवाणी उभी असलेली दहाबारा माणसं. खाली नाव एकाचंही नाही. मावशी जिथे बसून भांडी घासायची, तिथे बेसिन होतं आणि तिचा पाटा सजावट म्हणून त्याखाली बसवलेला. लोक त्यावर हात झटकत होते.

“इकडे साहेबलोक जेवायचे, आजी,” वेटर कौतुकाने म्हणाला.

“जेवायचे कसले, अर्धं टाकायचे,” मावशी म्हणाली. तो पोट धरून हसला. त्या दुपारी तिथे माणसासारखं हसलेला तो एकटाच.

जेवण बरं होतं असं म्हणतात. मला तुपाचा आणि अत्तराचा वास एकत्र येत होता. शेवटी चहा आला, तो पांढऱ्या, निळ्या काठाच्या इनॅमलच्या मगांतून. जुने दिसावेत म्हणून मुद्दाम टवके उडवलेले. मावशीने मगाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

“मला नको बाय चहा.”

“अगं, हीच फॅशन आहे आता. सगळे पितायत. लोक बघतायत, पी ना.”

“तुला बरं वाटेल?”

“हो.”

तिने मग उचलला आणि थांबत थांबत सगळा चहा संपवला.

परतताना रिक्षात तिने सांगितलं. अगदी असाच मग मागच्या दाराच्या बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तिचा. बाईसाहेब वरून चहा ओतायच्या, भांड्याला मग लागू नये म्हणून हात उंच धरून. मग तिनेच विसळायचा, पण घरातल्या नळाखाली नाही. अठरा वर्षं. मी म्हणाले, “आता काळ बदलला, मावशी.” ती “हो ना” म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. माफी मागायची राहून गेली... हॉटेलाला मात्र मी पुढे कित्येक दिवस सगळ्यांजवळ नावं ठेवत होते.

मावशी अधूनमधून माझ्या घोडबंदर रोडच्या घरी येऊन राहायची. तिचे दिवस करून तिथे परत आले, तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या सुमनताई रडल्या. मग म्हणाल्या, “ताई, मावशींचा ग्लास मी नेऊ?”

“कुठला?”

त्यांनी ओट्यामागच्या खिडकीतून स्टीलचा पोचा आलेला ग्लास काढला. तो त्यांच्या चहासाठी मीच वेगळा ठेवलेला होता. नऊ वर्षं झाली असतील.

“हा तर तुमचा...”

“नाही हो. तुम्ही ऑफिसला गेल्या की मावशी मला तुमच्या कपात द्यायच्या, अन् ह्यात स्वतः घ्यायच्या. मी म्हणायचे, ताई ओरडतील. तर म्हणायच्या, तिच्या ध्यानात नाही आलेलं अजून, येईल.”

मी चहा टाकला. कप त्यांच्यापुढे ठेवला, ग्लास स्वतः घेतला. ओठांपर्यंत नेला आणि हात थांबला. स्वच्छ घासलेला ग्लास. तरी थांबला. त्या क्षणी स्वतःची जी किळस आली, ती त्या हॉटेलात कशाचीच आली नव्हती.

मग प्यायले.

“साखर कमी झाली,” फुरका मारत सुमनताई म्हणाल्या. “मावशी दोन चमचे घालायच्या.”

मी उठून साखरेचा डबा काढला.