लिंबाचा बुडखा आणि मला माहीत नसलेला शब्द

मी इथे नुसतं वाचणाऱ्यांपैकी आहे. कमेंटसुद्धा टाकत नाही. आणि खरं सांगू का, इथले बरेच अनुभव वाचून मनात म्हणायचे... झोप झाली नसेल, नाहीतर मांजर असेल. आत्मा वगैरे मला पटत नाही. अजूनही पटत नाही! पण जे झालं ते कुठेच बसवता येत नाहीये, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाहीये.

आधी घर सांगते. कळंबच्या जरा बाहेर, ढोकीकडे जाणाऱ्या रस्त्याला. माझे वडील, अप्पा, रिटायर झाल्यावर आम्ही ते घेतलं. त्याआधी सोलापूरला फ्लॅटमध्ये राहायचो आणि माझी शाळा पहिल्यापासून इंग्लिश मीडियम. हे मुद्दाम लिहितेय, पुढे लागणार आहे. इथे आलो तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात एक प्रचंड बुडखा होता. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "लिंब व्हता, वादळात पडला." मी विचारलं, "लिंबाचं झाड एवढं मोठं होतं?" इकडे कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात हे मला कुठे माहीत! तेव्हापासून घरात कुणी अवघड मराठी बोललं की आई म्हणते, "तिला ट्रान्सलेट करून सांगा."

त्या कोपऱ्यात माझी खोली बांधायची होती. माझी स्वतःची! मी घरून काम करते. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मीटिंग. त्यात माझा आवाज मुळात बारीक. रोज कुणीतरी म्हणणारच, "आवाज येत नाहीये तुझा." त्यामुळे बुडखा काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त घाई मलाच होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी आईने बुडख्याला हळदीकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, "खोली तुझी आहे ना? मग तूच सांग त्याला, उद्या काढतोय म्हणून." मला भयंकर लाज वाटली. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं... "सॉरी."

सकाळी जेसीबी आला. चालवणारा अस्लम, नळदुर्गचा, माझ्याच वयाचा असेल. तोंडाची टकळी एक मिनिट बंद नाही.

"काका, ह्यो बुडखा न्हाय, पैलवान हाय!"

"मग तू कशाला आलाय? पाड की त्याला," अप्पा म्हणाले.

मी चहा दिला, कप परत घेतला आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. तर म्हणतो, "ताई, तुमी बोलता का न्हाय? का नुसतं टाईपच करता?" अप्पा हसले. मी मोबाईल वर करून व्हिडिओ चालू केला. पुण्यातल्या भावाला बघायचा होता, आणि मोबाईलच्या मागे लपता येतं.

चारी बाजूंनी माती काढून झाली. मुळ्या तुटताना फटाक्यांसारखा आवाज होत होता. बुडखा हलायचा, पण निघायचा नाही. शेवटी अप्पांनी त्याला साखळी बांधली, दुसरं टोक जेसीबीच्या बकेटला अडकवलं आणि बुडख्याच्या पलीकडे उभे राहून हाताने खुणा करू लागले. ओढ... अजून ओढ...

आणि माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी बोललं.

"सांग की गं माय त्याला... आड हाय."

म्हातारा, दमलेला, पण घाईचा आवाज. बाईचा. मी वळून बघितलं. भिंत आणि तुळस. आई आत होती, मिक्सर चालू होता. आणि आमच्या घरात मला कुणीही 'माय' म्हणत नाही.

"आड हाय!" पुन्हा. आता जवळजवळ ओरडूनच.

मला त्याचा एकच अर्थ माहीत होता. आड, म्हणजे मध्ये आलेलं. मला वाटलं मशीनच्या आड कुणीतरी आहे, चिरडणार! मला कुणी दिसत नव्हतं, पण विचार करायला वेळ कुठे होता? जे ऐकलं तेच तसंच्या तसं माझ्या तोंडातून निघालं — "आड हाय! आड हाय!"

अस्लमचा चेहरा एकदम बदलला. मशीन जागच्या जागी थांबलं. तो अर्धा कॅबिनच्या बाहेर आला. "काका, हिकडं पळा! आधी हिकडं या, मरू द्या त्यो बुडखा!"

"काय झालं रे आता?" अप्पा वैतागले. पण आले. बुडख्याला वळसा घालून, पँटला लागलेली माती झटकत, सावकाश! ते ओट्याला टेकले आणि मघाशी ते उभे होते ती जमीन खाली गेली.

फार मोठा आवाज झाला नाही. धप्प. मग माती जातच राहिली, जातच राहिली... आणि कुठूनतरी खूप खोलातून पाण्याचा आवाज आला. बुडखा काठावर कलंडून साखळीला लटकला.

अप्पा मटकन ओट्यावर बसले. आई धावत बाहेर आली, तिचे हात ओल्या खोबऱ्याने भरलेले, तसेच तिने अप्पांचा खांदा धरला.

अस्लमने लांबूनच वाकून बघितलं. "लई जुना हाय. वर शिळा टाकून झाकलेला. लिंबाच्या मुळ्यांनीच धरून ठिवलं व्हतं सगळं." मग माझ्याकडे वळून, "काय ताई! आड हाय हे आधी न्हाय का सांगायचं?"

मी विचारलं, "आड म्हणजे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आड म्हंजे आड, ताई. अंगणातली बारकी हीर."

"तुला आड म्हणजे काय माहीत नाही?" अप्पांनी हळू आवाजात विचारलं.

"मध्ये येणं... ना?"

माझ्या मराठीवर त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं नाही.

मग तुला कळलं कसं, हे सगळ्यांनी विचारलं. मी खांदे उडवले. ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांना फोन केला, त्यांना आडाचं काहीच माहीत नव्हतं. गल्लीत सगळ्यात वयस्कर शेजारच्या मावशीच. त्या म्हणाल्या, "म्या नांदायला आले तवाबी लिंब एवढाच व्हता. आड कुणी बघितलाय?"

व्हिडिओ मी शंभरदा तरी ऐकलाय. इअरफोन लावून. सगळीकडे मशीनची घरघर. त्याखाली माझा आवाज, नेहमीसारखाच बारीक, शोधून सापडणारा. दुसरा आवाज नाहीच.

काही दिवसांनी अस्लम राहिलेली माती सपाट करायला आला, तेव्हा मी त्याला व्हिडिओ दाखवला. आपण होऊन! म्हटलं, "एवढ्याशा आवाजात तुम्हाला कसं ऐकू गेलं? कॅबिनमध्ये गाणी पण चालू होती."

"ह्यात येत न्हाय ताई, पर मला एकदम क्लिअर आलं. कान फाटले की! दोघी एकदम वरडलात."

"दोघी?"

"तुमी आन् त्या म्हाताऱ्या बाई. बघितलं न्हाय म्या, माझं ध्यान काकांकडं व्हतं. तुमच्या आजी असत्याल ना?"

आमच्या घरात आजी नाही.

आता माझी खोली दुसऱ्या कोपऱ्यात होतेय. आडाला कठडा बांधलाय, वर जाळी टाकलीय. आई संध्याकाळी तिथे दिवा लावते आणि अप्पा, जे कधी देवळातही जात नाहीत, ते तिला काडेपेटी नेऊन देतात.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. 'आड' हा शब्द लहानपणी कुठेतरी ऐकला असशील, असं तुम्ही म्हणाल. असेन. जमीन खचताना नकळत दिसली असेल. दिसली असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. पण कानाशी कुणीतरी बोललं हे मी अप्पांना सांगितलं नव्हतं, आईला नाही, भावालाही नाही. पहिल्यांदा इथे लिहितेय.

मग अस्लम 'दोघी' का म्हणाला?