मी बघितलं, आता तू बघ

काकू आधी पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन काढायच्या, मग वरचा भाग मागे ओढून अडकवायच्या, आणि मग उजव्या हाताची करंगळी गोळीच्या जागेत घालून आत काही राहिलं नाही ना ते चाचपायच्या. चाचपून झालं की पिस्तूल शेजारच्या माणसापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "मी बघितलं. आता तू बघ."

पहिल्यांदा मला या प्रकाराचा रागच आला होता. मी पुण्याचा. सांगितलेलं काम निमूटपणे करणं आमच्या रक्तात नाही. म्हटलं, "काकू, तुम्ही बघितलंत ना? मग झालं की."

"माझ्या डोळ्यांवर काऊन भरवसा ठेवतो रे पुणेकर?" काकू म्हणाल्या. "एकट्या माणसाचे डोळे त्याला पाहिजे तेच बघतात."

काकू मूळच्या नागपूरच्या, भूल देणाऱ्या डॉक्टर. सगळी नोकरी इथे कॅनडात, किचनरच्या एका हॉस्पिटलात झाली. औषध टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव स्वतः वाचायचं आणि नर्सलाही वाचायला लावायचं, ही त्यांची तिथली सवय. रिटायर झाल्यावर ती सवय त्यांनी घरभर मोकळी सोडली. भाजीत मीठ घातलं की "मी चाखलं, तू चाख." गाडी लॉक केली की "मी ओढून बघितलं, तू ओढ." अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. सुरुवातीला वैताग येतो, आणि मग एक दिवस आपणही गॅस दोनदा बघायला लागतो.

आमची ओळख गावाबाहेरच्या, मक्याच्या शेतांपलीकडच्या शूटिंग रेंजवर झाली. माझी बायको म्हणायची, "लोक कॅनडात येऊन स्केटिंग शिकतात, आणि तू हे काय शिकतोयस?" तिला कसं सांगू, की कॉम्प्युटरसमोर आठवडाभर बसून आलेलं डोकं तिथे कागदावरच्या काळ्या गोलाकडे बघत असताना पूर्ण गप्प होतं. काकू तेच सांगायच्या. "औषध न घेता भूल मिळते, अशी ही एकच जागा आहे बाप्पा."

नेमबाजी आटोपली की शनिवारी कॉफीच्या टेबलाभोवती आमचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. प्रत्येकाने आपलं लाडकं पिस्तूल काढायचं, उघडं करून ठेवायचं, दुसऱ्याचं विचारून हातात घ्यायचं आणि नावं ठेवायची. गुरमीतचा ट्रकचा धंदा. त्याचं रिव्हॉल्व्हर चकचकीत आणि वरवंट्यासारखं जड. काकू म्हणायच्या, "गुरमीत, इससे तो लहसुन कूट लो." माझ्या काळ्या प्लास्टिकच्या पिस्तुलाला त्या टीव्हीचा रिमोट म्हणत. आणि मग त्यांची पाळी यायची, तेव्हा सगळे जरा सावरून बसत.

त्यांचं पिस्तूल साधं होतं, छोट्या गोळीचं, फक्त निशाणेबाजीचं. पण त्याची मूठ काकांनी बनवलेली होती. काका इंजिनियर. काकूंचा अंगठा लहानपणी मोडून वाकडा बसलेला, त्यामुळे दुकानातली कुठलीच मूठ त्यांना धड बसेना. काकांनी बेसमेंटमध्ये अक्रोडाचं लाकूड तासून तासून त्या अंगठ्यापुरती खाच काढली. आम्ही सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं होतं. कुणाच्याच हातात ते बसत नसे.

"डॉक्टर साब, ये आपके सिवा किसी की नहीं होगी," गुरमीत म्हणायचा.

"नाहीच व्हायचं," काकू म्हणायच्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

मग कायदा आला. असलेलं पिस्तूल ठेवा, पण नवं घ्यायचं नाही, कुणाला विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. आमचं टेबल तिथेच थांबलं. तीच पिस्तुलं, तेच विनोद. त्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडाशी काका गेले, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, बसल्या जागी.

काकू रेंजवर यायच्या, पण काकांचा मोठा कोट घालून नुसत्या बसून राहायच्या. नेम धरायच्या आणि चाप न ओढताच हात खाली घ्यायच्या. काकूंची लेक पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला. ती रोज फोन करायची, इकडे या म्हणायची, काकू नाही म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, वेळ लागतो. माणसाला बुडताना पाहूनही वेळ लागतो म्हणायची आपल्याला सवयच असते.

एका शनिवारी त्या पिस्तूल न आणताच आल्या. मला पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. बर्फ भुरभुरत होता. त्यांनी माझा हात धरला आणि तळव्यावर एक बारकी किल्ली ठेवली. पिस्तुलाच्या चापाला घरी कुलूप घालून ठेवावं लागतं, त्या कुलपाची.

"दुसरी नाही. ही तुझ्याजवळ ठेव."

"का काकू?"

"मी स्वतःला चाचपून बघितलं रे," त्या म्हणाल्या. "मला माझी खात्री वाटत नाही. आता तू बघ."

मी म्हटलं, पोलिसांना फोन करू, ते येऊन घेऊन जातील, प्रश्न मिटेल.

"दिलं की गेलं. परत कधी मिळणार नाही."

"मूठ काढून ठेवू. मूठ तर काकांची आहे."

"चष्म्याची दांडी ठेवून काच फेकू?" काकू ओरडल्या. मग आवाज एकदम खाली आला. "रेंजवर उभी राहिले की पाच मिनिटं मला काही आठवायचं नाही. तेवढं परत जमेल या एका आशेवर मी आहे. ते देऊन टाकलं तर मी कधीच बरी होणार नाही, असं मीच सांगितल्यासारखं होईल. आणि ते घरात आहे तोवर मला माझी भीती वाटते. सांग, काय करू मी?"

मी किल्ली घेतली. एक अट तेवढी घातली, की तुमच्या डॉक्टरांना आत्ता माझ्यासमोर फोन करायचा. काकूंनी माझ्या गाडीत बसून फोन केला. जन्मभर दुसऱ्यांना भूल देणारी बाई रडत रडत रिसेप्शनिस्टला आपलं नाव सांगत होती. लेक पुढच्या विमानाने आली, महिनाभर राहिली, औषधं सुरू करून परत गेली. किल्ली मी गाडीच्या जुडग्यात अडकवली.

लेक गेली त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी काकूंचा फोन आला.

"किल्ली घेऊन ये."

"नाही काकू."

"माझी वस्तू, माझं घर, माझा जीव. तू कोण रे मला अडवणारा? कोण लागतो माझा?" एवढ्या घाणेरड्या शिव्या नागपुरात आहेत हे मला माहीत नव्हतं. मी मोबाइल कानाला लावून स्वयंपाकघरात उभा, घामाने भिजलेला. वडीलधाऱ्या माणसाला सारखं नाही म्हणायचा दम माझ्यात नव्हता. तोंडातून निघून गेलं, "काकू, किल्ली सापडत नाहीये."

शिव्या तिथेच थांबल्या.

"शोध मग," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन. "किल्ली सापडली का रे?" "शोधतोय काकू." "नीट शोध." एवढंच बोलणं, कधी रडत, कधी तुटक. फोन येईपर्यंत माझा चहा निवत असे. बायको समोर बसून माझ्याकडे बघत राहायची आणि फोन वाजला की उठून कामाला लागायची.

एका रविवारी फोन आलाच नाही. मी केला तर उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा केला. बाहेर बर्फ पडत होता आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला मी थांबलो नाही. गाडी घसरवत त्यांच्या दारी पोचलो आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते तुम्हाला सांगत नाही.

दार उघडलं. काकू उभ्या, काकांच्या कोटात. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"काऊन रे, बर्फात सपाता घालून आलास?"

"फोन का उचलला नाहीत?"

"बेसमेंटमध्ये होते. पिस्तुलाच्या कपाटासमोर. नुसती बसले होते."

मी तिथेच पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. काकूंनी मला आत ओढलं, मोजे काढायला लावले, चहा टाकला. "साखर घातली. तू बघ," म्हणत कप पुढे केला. चहा अगोड होता. मी म्हटलं, ठीक आहे. त्यानंतर त्यांचा रविवारचा फोन कधी चुकला नाही.

किराणा आणायला मी त्यांना दर आठवड्याला घेऊन जायचो. शेजारी बसून त्या बाहेरचा बर्फ बघत आणि विचारत, "सापडली का?" आणि किल्ली स्टिअरिंगच्या खाली, त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, जुडग्यात हलत असायची. त्यांनी खाली कधी पाहिलं नाही.

मक्याची रोपं वर आली तेव्हा त्या पुन्हा रेंजवर आल्या, रिकाम्या हाताने. टेबलाशी बसून सगळ्यांच्या पिस्तुलांना नावं ठेवली. गुरमीतने विचारलं, "डॉक्टर साब, आपकी कहाँ है?"

"घर पे है, ताला लगा के. इस पुणेकर ने चाबी गुमा दी."

"ओए, चाबी कैसे गुमा दी?" गुरमीत माझ्यावर खेकसला. मग काकूंकडे वळून प्रेमाने म्हणाला, "कोई टेन्शन नहीं. ट्रक में कटर पड़ा है. दो मिनट का काम है. अभी चलते हैं."

तो तर उठूनही उभा राहिला होता. काकूंनी टेबलावर बोटांनी ताल धरला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको," त्या मराठीतच म्हणाल्या. "सापडेल."

गुरमीत बसला आणि पुढे किती तरी शनिवार मला वेंधळा म्हणत राहिला. मी ऐकून घेतलं. एवढ्या आनंदाने मी कधी शिव्या खाल्ल्या नाहीत.

काकू पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. ते पिस्तूल त्यांनी पुन्हा हातात धरलं नाही. बरे दिवस आले, वाईटही आले, आणि दर रविवारी फोन आला. पुढच्या हिवाळ्यात हृदयाने दगा दिला. हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी बाजूला सारून त्या विचारायच्या, "सापडली का रे?" मी म्हणायचो, "शोधतोय." नर्सला वाटायचं, आमच्या घरातलं काहीतरी महागाचं हरवलंय.

शेवटी मी तिथे नव्हतो. फोन लेकीचा आला. काकू गेल्या, एवढं तिने सांगितलं. मग म्हणाली, "मॉम वॉज व्हेरी क्लिअर. शी मेड मी रिपीट इट." आणि तिच्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून तिने निरोप सांगितला. "त्याला सांग, आता किल्ली सापडली तरी चालेल." मग विचारलं, "व्हॉट की?"

आठवड्याने एक पोलीस अधिकारी बाई पिस्तूल न्यायला काकूंच्या घरी आली. मूठ तेवढी लेकीला ठेवून घेता येणार होती. मी बेसमेंटमध्ये गाडीचं जुडगं खिशातून काढलं, किल्ली लावली, कुलूप निघालं. मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढून अडकवला, आत करंगळी घातली.

"मी बघितलं," मी म्हणालो, आणि सवयीने पिस्तूल शेजारी धरलं.

शेजारी लेक होती. या वस्तूकडे तिने आजवर कधी वळूनही पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि वाकून आपली करंगळी आत घातली.