शुद्ध तृतीयेपर्यंत

खामफून मावशीने उभ्या आयुष्यात भाताचा ओलावा यंत्राने मोजला नाही, दाताने मोजला. ओला दाणा चावला की गप्प बसतो, वाळलेला कट्‌कन बोलतो. गिरणीतला माणूस पोत्यात यंत्राचा दांडा खुपसून आकडा सांगेपर्यंत मावशीने दाणा चावून तोच आकडा माझ्या कानात सांगितलेला असायचा. आता तिचे चारच दात उरलेत. ते तिने खास भातासाठी राखून ठेवलेत असं मी चिडवलं की ती म्हणायची, "आणि तुझ्यासाठी, साएंग. जास्त बोललास तर चावेन."

माझ्याकडे जुनी पिकअप आहे. गावाचं भात मी गिरणीवर नेतो. कोणाचं ओलं, कोणाचं पोचट, सगळं मला ठाऊक असतं. ठाऊक असून काय करणार म्हणा.

मावशी या गावात सून म्हणून आली तेव्हा कापणीला एकेका शेतात चाळीस विळे चालायचे. आज तिच्याकडे, उद्या आमच्याकडे. मजुरी नाही, नुसतं पोटभर जेवण आणि दिवसभर चेष्टामस्करी. ते विळे चालवणाऱ्यांची पोरं आता दूर रयोंग शहरातल्या कारखान्यांत आहेत. मावशीची एकुलती लेक लमाईही तिथेच गाड्यांचे सुटे भाग जोडते. मावशीचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. कापणीला यंत्र येतं, तासाभरात शेत साफ करून जातं, आणि सगळ्या मुलखाचं ओलं भात एकाच आठवड्यात गिरणीच्या दारात जाऊन पडतं. मग भाव कोण देणार? गेल्या वर्षी किलोला नऊ बाट निघाले. किलोभर सुवासिक भात द्यायचं आणि नूडल्सचं एक पाकीट आणायचं, असा सगळा व्यवहार.

मावशी म्हणाली, "या भावाला मी नाही देत."

सत्तरी ओलांडलेल्या बाईने विहाराच्या अंगणात निळी जाळी अंथरली आणि चार दिवस उन्हात भात वाळवलं. दर तासाला उठायचं, पाय घासत घासत भात उलथवायचं, पुन्हा सावलीला येऊन गुडघे चोळायचे. चौथ्या दिवशी दुपारी दाणा बोलला. पोती मी तिच्या कोठारात चढवली. आमची कोठारं उंच लाकडी खांबांवर असतात, वर जायला शिडी लागते. सात पायऱ्या चढून उतरून माझीच कंबर धरली.

त्याच संध्याकाळी लमाईचा फोन आला. फोन मोठ्याने लावलेला होता, त्यामुळे मलाही ऐकू आला.

"आई, पुढच्या पेरणीचा खर्च या भातातनं सुटला तर तू आणखी एक वर्ष कर. नाही सुटला तर शेत उसाला देऊन टाकायचं. साखर कारखान्याचा माणूस दोनदा येऊन गेलाय."

"सुटेल," मावशी म्हणाली.

"माझ्या पगारातनं आता होत नाही गं."

"सुटेल म्हटलं ना! जेवलीस का?"

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे कोठारात भात एकदा गेलं की तिसऱ्या महिन्याच्या शुद्ध तृतीयेपर्यंत दार उघडत नाहीत. आत भाताची आई विसावलेली असते. त्या दिवशी फुलं, उकडलेलं अंडं, मेणबत्ती दाखवून तिची माफी मागायची आणि मगच दाण्याला हात लावायचा. हल्ली हे पाळतं कोण? भात शेतातूनच परस्पर गिरणीवर जातं. पाळणारी एक मावशी. तिचं म्हणणं, त्या दिवशी बेडकालाही तोंड नसतं, कोणी काही खात नाही, म्हणून धान्य पुरतं.

"बेडकाला नसेल," मी म्हणायचो, "गिरणीवाल्याला आहे."

तृतीयेला दोन आठवडे होते आणि भाव एकदम चौदावर गेला. मी गाडी घेऊन थेट तिच्या अंगणात.

"मावशी, उघड कोठार! पेरणी सुटते, वर खतही सुटतं."

"तृतीयेला ये."

"तृतीयेपर्यंत भाव तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

"माझी सासू थांबली, तिची सासू थांबली."

"त्यांना कोणी नऊ बाट दिले होते का?"

तिने बांबूच्या पेटाऱ्यातला शिजवलेल्या चिकट भाताचा गोळा मोडून माझ्या हातात ठेवला आणि आत गेली. पुढचे चार दिवस मी रोज जात होतो, रोज हेच. खरं सांगतो, मला तिचा राग यायला लागला होता. चौकात चारजणांत मी तिला अडाणीही म्हटलं.

पाचव्या दिवशी पहाटे तीच माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले.

"चल. काढ," ती म्हणाली. "माझ्याच्याने शिडीला पाय लाववत नाही. तू चढ. मी बघणार नाही."

ती खरंच कोठाराकडे पाठ करून उभी राहिली. मी दोन पायऱ्या चढलो. दाराच्या फळीवर बांबूच्या काड्यांची विणलेली, दार राखणारी चांदणी बांधलेली होती. अशीच माझी आई बांधायची. मी तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि तो पुढे जाईना. मला भीती वाटली. कसली ते विचारू नका. मी, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा, शिडीवर घाम पुसत उभा होतो.

खाली उतरलो. "मावशी, गाडीच्या इंजिनाचा पट्टा घसरतोय बघ. माल भरून वाटेत अडकायला नको. दोन दिवसांत बसवून येतो."

"बरं," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिच्याही मनावरचं ओझं उतरलं असावं.

पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गिरणीने खरेदी थांबवली. का ते कोणी सांगेना. तृतीया आली तेव्हा भाव दहावर होता. मावशीने अंडं उकडलं, मेणबत्ती लावली, माफी मागितली. खाण्यापुरती ठेवून बाकीची पोती मी उतरवली. शेवटचं पोतं गाडीत टाकलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "पट्टा बसला का रे?"

मी मान हलवली. मला तिच्याकडे बघवेना. ती सगळं ओळखून होती आणि एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पेरणीचा खर्च सुटला नाही.

शेत उसाला गेलं. यंदा कापणीच्या दिवसांत मावशी ओट्यावर बसून होती. कुठे यंत्राचा आवाज आला की मान वळवायची, मग तिच्या लक्षात यायचं.

परवा तिने मला हाक मारली. दुकानातून तांदळाच्या पाच किलोंच्या दोन पिशव्या आणल्या होत्या, प्लास्टिकच्या, वर चकचकीत लोंबीचं चित्र. जन्मात पहिल्यांदा विकतचा तांदूळ.

"एक खायला," ती म्हणाली. "एक वर ठेव. कोठार रिकामं ठेवू नये."

"मावशी, विकतच्या पिशवीत कसली आलीय भाताची आई?"

"तू ठेव रे. गुडघे चालत नाहीत माझे."

मी शिडीला हात घातला तशी म्हणाली, "थांब." खायच्या पिशवीचा कोपरा फाडून तिने एक दाणा काढला आणि त्या चार दातांत धरला. कट्‌कन आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"चांगला वाळवलाय," ती म्हणाली. मग पिशवीवर सगळीकडे हात फिरवून बघितलं. "कोणी वाळवला असेल रे? नाव लिहिलंय का कुठे?"