व्याह्यांची आमदारकी

मेलेल्या माणसाची आमदारकी चालवणारा माणूस मी जन्मात एकच बघितला, ते माझे व्याही. माझ्या लेकीचे सासरे. वसईला शाळेत मास्तर होते. इथं परदेशात, व्हिटबी गावात येऊन रिटायर माणसानं करायचं काय? तर तळ्याजवळ एका जुन्या गोऱ्या पुढाऱ्याचं घर आहे, त्याचं आता म्युझियम केलंय, तिथं हे व्हॉलंटियर लागले. लागले म्हणजे काय, ते पुढारीच झाले! काळा कोट, उंच टोपी, गालावर चिकटवलेले पांढरे कल्ले, आणि मधे आपल्या वसईच्या उन्हातलं तोंड. शाळेची पोरं हसायची. हे म्हणायचे, "हसा. पहिल्या इलेक्शनला पण मला असेच हसले होते."

त्या पुढाऱ्याचं आयुष्य त्यांना तोंडपाठ. बोटीतून एक कुऱ्हाड घेऊन आला, जंगल तोडलं, पिठाची गिरणी टाकली, दोन बायका बाळंतपणात गेल्या, रस्त्यासाठी भांडून भांडून निवडून आला. पण जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती, त्यांना हटवलं, हेही ते सांगायचेच. एक बाई म्हणाली, हे कशाला सांगता? तर म्हणाले, "मॅडम, मी मेलोय. आता खोटं बोलून मला कुठं मतं मिळणारेत?"

घरी आले तरी पुढारी अंगातून उतरायचा नाही. दारातला स्नो फावड्यानं उपसताना शेजाऱ्यांना भाषण. आणि मतदान! त्या काळी म्हणे मत चिठ्ठीवर नव्हतं, चारचौघांत उभं राहून मोठ्यानं सांगायचं. म्हणून यांच्या घरी सुके बोंबील करायचे की कोंबडी, त्यालाही एकेकानं उठून बोलायचं. नातवंडं ओरडायची, "पिझ्झा!" मी तोंड उघडलं की म्हणायचे, "विहीणबाई, तुम्ही बाईमाणूस, वर नावावर जमीन नाही. कायद्यानं तुम्हाला मत नाही."

"मग बोंबील पण कायद्यालाच साफ करायला सांगा," मी म्हणायचे.

तशी मला कुणी विचारल्याची सवयच नव्हती. लग्न ठरलं, कुणी विचारलं नाही. मालक इकडे आले, मागनं माझं तिकीट आलं. एकवीस वर्षं कोंबड्यांच्या फॅक्टरीत गार पाण्यात हात घातले. बोटं वाकडी झाली, पोरं मार्गाला लागली. मालक इथल्याच मातीत गेले. चाललं तसं चाललं.

मग मी ज्याच्याकडे राहायचे त्या थोरल्याला पार लांब हॅलिफॅक्सला नोकरी लागली. रविवारी लेकीकडे, म्हणजे व्याह्यांच्याच घरी, सगळे जेवायला जमलो, आणि मला तिकडे न्यायचं ठरूनही गेलं. खोली कुठली, बॅगा किती. मी सिंकपाशी भांडी घासत होते. मालकांची कबर सोडून जायचं मनात नव्हतं, पण लेकीच्या सासरी राहते, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

व्याही भरल्या ताटावरनं उठले. "मतदान झालं का?"

"पप्पा, प्लीज, नॉट नाऊ," लेक म्हणाली.

"माझं मत आधी. बेसमेंट माझं आहे आणि ते रिकामं आहे. आता विहीणबाई, बोला. मोठ्यानं."

"मला कुठलं मत? मी बाईमाणूस."

"तो कायदा गाढवांनी केलेला. त्यातली अर्धी माझ्याच पार्टीतली. बोला तुम्ही."

हात साबणाचे तसेच. "मी नाही जात," म्हटलं.

थोरल्याचं तोंड उतरलं. "आई, मग आधी का नाही बोललीस?"

साबण धुतला न् हात पुसले.

व्याह्यांच्या बेसमेंटात मला आता तीन विंटर झाले. थोरला फोन करतो, तिकडच्या समुद्राचे फोटो पाठवतो. व्याह्यांचे गुडघे गेले, म्युझियम सुटलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की माझ्याबरोबर हळूहळू सिमेट्रीत येतात. तळ्यावरनं वारा येतो, मालकांपुढची मेणबत्ती तीन-तीनदा विझते. व्याह्यांना वाकवत नाही, तरी वाकतात, आणि ती पेटेपर्यंत दोन्ही हातांचा आडोसा धरून राहतात.