कंपनी समदं सांगत न्हाई

मी मुलगी पाहायला घनसावंगीला गेलो, तेव्हा मुलीच्या काकांचे मला पहिल्यांदा फक्त पाय दिसले. जालन्याहून भाड्याची गाडी करून आम्ही आलो होतो. आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच एक गृहस्थ लेंगा सावरत त्या गाडीखाली शिरले. आत पोह्यांच्या बशा फिरल्या, मुलगी आली, माझ्या वडिलांनी तिला शिक्षण विचारलं, तरी पाय तिथेच. शेवटी ते बाहेर आले, पाठीची माती झटकली आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोराचं तुमी बघा. गाडीचा सायलेन्सर मात्र ढिला हाय. अंबडपातुर टिकणार न्हाई." सायलेन्सर अंबडच्या अलीकडेच पडला. लग्न टिकलं.

हे भानुदासकाका, म्हणजे सगळ्यांचे भानाकाका, माझे चुलत सासरे. घनसावंगी-अंबड मार्गावर ते प्रवासी जीप चालवायचे. लिलावात घेतलेली लष्कराची जुनी जीप, चारही चाकांना जोर असलेली. घरी आणल्या आणल्या त्यांनी पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लोखंडी दांडा, म्हणजे पुढचा शाफ्ट, काढून माळ्यावर टाकला. डिझेल वाचलं, गाडी हलकी झाली, आणि पावसाळ्यात काळ्या चिखलातून मागची बाजू झुलवत ती अशी निघायची की आतल्या बायका देवाचं नाव घ्यायच्या. काका म्हणायचे, "पुढच्या चाकायनं फकस्त वळायचं. ढकलायचं काम मागल्यायचं. दोघायला एकच काम देलं की दोघंबी आळशी होतेत."

त्यांचा ठाम विश्वास होता की प्रत्येक यंत्रात एक खुबी लपवलेली असते. "कंपनी समदं सांगत न्हाई, जावईबापू. सांगितलं तर तिचं दुकान कसं चालंल?" मी बँकेतला माणूस, छापील सूचनांवर जगणारा. मी हसायचो. पण वीज एका फेजवर आली की अख्ख्या शिवाराच्या मोटारी बंद आणि काकांची चालू. त्यांनी कपॅसिटर लावलेला असायचा. शेजाऱ्याचा बंद पडलेला फ्रिज त्यांनी एक रात्र उलटा ठेवून चालू केला, तेव्हापासून मी हसणं कमी केलं. खुबी फसली तर मात्र दोष हटकून कंपनीचा. त्या बाबतीत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

गावात एक रीतच पडून गेली होती. नवी गाडी असो की ट्रॅक्टर, आधी भानाकाकांच्या दारात यायचा आणि मग मारुतीला. काका खाली शिरायचे, बाहेर यायचे, "बराबर हाय" म्हणायचे, मगच नारळ फुटायचा. तीन पोरींचे बाप सोयरीक विचारायला जितक्या अदबीने जातात, तितक्या अदबीने लोक हातात किल्ली घेऊन उभे असायचे. काकांना पैसे कोणी देत नसे आणि त्यांना ते नकोही होते. त्यांना विचारलं पाहिजे, एवढंच.

काका-काकूंना मूल नव्हतं. थोरल्या भावाचा ऋषी, माझा चुलत मेव्हणा, त्यांच्याच ओट्यावर वाढला. या दोघांचं प्रेम म्हणजे भांडण. इंजिनात तेल कुठलं घालावं यावरून ताटावर असे कडाडायचे की काकू पळी आपटायच्या. "तुमाला काई कळत न्हाई!" "अन् तुला लई कळतं!" असं म्हणत एकमेकांच्या ताटात भाकरी वाढायचे.

ऋषी पुण्यात कंपनीत चांगल्या जागेवर गेला आणि एका दिवाळीला निळी स्पोर्ट्स कार घेऊन आला. परदेशी, जुनी घेतलेली, पण काय देखणी! रीतीप्रमाणे आधी काकांच्या दारात. काका आडवे झाले, पण गाडी इतकी बुटकी की हनुवटीपुढे काही आत जाईना. दिसलं ते प्लास्टिकचं झाकण. ते उठले तेव्हा जरा ओशाळलेले होते.

ऋषी म्हणाला, "काका, हिला चारी चाकांवर जोर हाय. म्हणून मागची बाजू तुमच्या जीपसारखी झुलत न्हाई. हिला फक्त मागच्या चाकांवर आणायच्या लई युक्त्या सांगतेत. कोणी म्हणतं हँडब्रेक ओढून बटण दाबून धरा. कोणी म्हणतं अमका फ्यूज काढा. कोणी म्हणतं पुढचा शाफ्टच काढा. खरं काय कुणालाच माहीत न्हाई, नेटवर लोकं नुसते भांडून राह्यलेत."

"शाफ्ट?" काकांचा चेहरा उजळला. "मंग ते तर आपलंच काम हाय!"

"बिलकुल न्हाई," ऋषी हसत म्हणाला. काकांनी ते हसणं ऐकलं, शब्द ऐकले नाहीत.

भाऊबीजेला ऋषी आईला घेऊन टेंभुर्णीला मामाकडे गेला. तिकडच्या रस्त्याला पोट घासेल म्हणून निळी गाडी घरीच राहिली. काकांनी किल्ली उचलली आणि ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी नेली. मी मागे मागे. म्हटलं, "काका, ऋषीला एक फोन करू."

"इचारल्यावर त्यात मजा काय राह्यली? पोराच्या मनात हाय ते. आल्यावर त्याला दिसंल."

दुपारपर्यंत शाफ्ट निघाला. बाजाराचं मैदान रिकामं होतं. काकांनी गाडी फिरवली आणि खरंच, तिची मागची बाजू झुलली! धुळीचा लोट उठला. काचेतून काका लहान पोरासारखे हसताना दिसले. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. दुसरा फेरा झाला, तिसरा झाला आणि गाडी गुरगुरली. जळका वास आला, आतले इशाऱ्याचे सगळे दिवे पेटले आणि ती मैदानाच्या मधोमध थांबली. पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा मधला डबाच तापून बाद झाला होता. जीपमध्ये असा नाजूक डबा नव्हताच. जी खुबी जीपला जमली ती हिलाही जमणार, एवढीच काकांची चूक.

संध्याकाळी ऋषी आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. त्याचा जबडा आवळलेला मला दिसला. काका ओट्यावरून उठून उभे राहिले होते, शिव्या खायच्या तयारीने. ऋषी म्हणाला, "जाऊ द्या काका. होतं असं." आणि हातपाय धुवायला आत गेला. जेवताना तो कुणाशीच भांडला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक येऊन गाडी घेऊन गेला.

पुढे कुणी काही ठरवलं नाही. काकांना अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच सगळ्यांचा चांगला हेतू. थोरल्या भावाचा नवा ट्रॅक्टर आला तो सरळ मारुतीकडे गेला. काकांनी एक चप्पल पायात सरकवली होती, ती परत काढून ठेवली. मी छोटी गाडी घेतली तेव्हा मुद्दाम आधी त्यांच्या दारात नेली. ते वाकलेसुद्धा नाहीत. बॉनेटवर हात फिरवून म्हणाले, "कंपनीनं देली तशीच चालवा, जावईबापू." मला फार वाईट वाटलं. त्यापेक्षा त्यांनी सायलेन्सर काढून नेला असता तर बरं झालं असतं.

पुढे काका आजारी पडून जालन्याच्या दवाखान्यात होते तेव्हा ऋषी पुण्याहून आला. पायाशी बसला, पाय चेपू लागला. काकांनी विचारलं, "लेका, तुला राग न्हाई आल्ता का रे?"

"न्हाई काका. होतं असं. तुमी आराम करा."

तो औषधं आणायला खाली गेला.  काका मला म्हणाले, "रस्त्यात परका माणूस धडकला की आपण असंच म्हणतो. होतं असं." मी म्हटलं, तसं नाही काका, त्याचा तुमच्यावर जीव आहे. "जीव हाय म्हणून तर इचारून राह्यलो," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

चार दिवसांनी ते गेले.

दहाव्याला गोदावरीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी हात जोडले. भावकीतला एक जण म्हणाला, "चला, भानाच्या मनात काही राह्यलं न्हाई." मला त्या कावळ्याचा राग आला.

परतताना ऋषी माझ्याशेजारी चालत होता. एकदम थांबला. "दाजी, मला लई राग आल्ता हो त्या दिवशी. गाडीचं जाऊ द्या, पण मला एक फोन करायचा ना! असं वाटलं, गचांडी धरून इचारावं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? म्हातारं माणूस."

तो डोळे पुसत पुढे गेला. मी तिथेच उभा राहिलो. त्या भाऊबीजेपर्यंत भानाकाकांना त्या घरात कोणी म्हातारं म्हटलं नव्हतं.