स्टेपनीला जागा

रेवदंड्याहून निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. शाळेच्या पायरीशी तो टोपी हातात धरून उभा होता, आणि त्या काढलेल्या टोपीवरूनच मी काय ते समजलो. माझे भावोजी यशवंतराव दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्याला आता दोन महिने होत आले, तरी एक गोष्ट मनातून जात नाही. घरातून निघताना दहादा मागे वळून पाहणारा, विहिरीचा दोर रोज चाचपून बघणारा हा माणूस. त्याला जाताना कोणाला काही सांगायलाही सवड मिळू नये…

भावोजींची चौलच्या वाटेवर सुपारीची वाडी होती. इंग्रज गेले त्या सुमारास अलिबागचे एक पारशी गृहस्थ बंगला विकून मुंबईला निघाले, तेव्हा त्यांची लढाईआधीची काळी विलायती गाडी भावोजींनी घेतली. गाडीची स्टेपनी पाठीमागे, बाहेरच्या बाजूला एका लोखंडी कडीवर अडकवलेली असे. पण आमची हवा खारी. दोन-तीन पावसाळ्यांत ती कडी आणि तिच्यामागचा पत्रा असा खाल्ला गेला, की एके दिवशी आक्षीच्या वळणावर स्टेपनी सुटून शेतात गेली. लोहाराने पाहिलं आणि मान हलवली. जोड धरायला पत्राच राहिला नव्हता. डिकी एवढीशी, तिच्यात टायर मावेना. टपावर बांधावा तर टप दबे. शेवटी स्टेपनी मागच्या सीटवर बसली आणि घरातल्या माणसांनी उरल्या जागेत अंग चोरून बसायचं असं ठरलं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, वैतागून म्हणायची, "सवत आणली असती तर तिला निदान सरक म्हणता आलं असतं." आम्ही हसायचो. भावोजी हसत नसत.

त्याचं कारण मला एकदाच कळलं, वाडीत शिंपणं चालू असताना. लग्नाआधी ते आजारी आईला भाड्याच्या मोटारीतून मुंबईला नेत होते. अलिबागच्या पुढे टायर फुटला. ड्रायव्हरकडे दुसरा नव्हता. तो मदत आणायला गेला, आणि हे आईचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसले. "गाडी येईल, येईल म्हणत होतो," एवढंच ते बोलले. मग पाटाचं पाणी दुसऱ्या आळ्यात वळवलं.

ताईला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. दिवस भरले तेव्हा चैत्र होता, मी सुटीत त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळपासून कळा सुरू होत्या. दुपार कलायला लागली तशी सुईण काशीबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि भावोजींना म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्यानं हितं व्हनार न्हाय. अलिबागला न्या, आन् बिगीबिगी न्या." ताईला मागच्या सीटवर निजवावं लागणार होतं, काशीबाई तिच्या पायाशी हवी. मी स्टेपनी ओढून अंगणात ठेवली आणि म्हणालो, "चला भावोजी." ते जागचे हलेनात.

"ती न्यायची आहे, मधू."

"जागा कुठाय? राहू द्या आजच्या दिवस."

"वाटेत टायर बसला तर तुझ्या ताईला खांद्यावर घेऊन जाशील?"

आतून ताईचं कण्हणं ऐकू येत होतं. भावोजींनी पाना आणला आणि ड्रायव्हरशेजारची सीट सोडवायला घेतली. गंजलेले नट. एक निघाला, दुसरा फिरेना. त्यांच्या कपाळावरचा घाम पान्यावर पडत होता. मला वाटत होतं, या टायरापायी आपण माझ्या बहिणीला घालवणार… ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी सीट ओढून धरायला लागलो. अखेर सीट निघाली. तिच्या जागी स्टेपनी आडवी टाकली, वर गोधडी घातली आणि मी तिच्यावर बसलो.

नागावच्या अलीकडे मागचा टायर बसला.

गाडी एका अंगाला कलली, तसे भावोजी उतरले. रस्त्याची कड रेताड होती, जॅक रुतायला लागला. मी शेजारच्या वाडीच्या कुंपणाची फळी उपटून आणली. भावोजी खिडकीशी वाकून म्हणाले, "जरा उतरवतो तुला." ताईने डोळे न उघडता सांगितलं, "मला हलवू नका. गाडी उचला माझ्यासकट." काशीबाई उतरून खिडकीतून तिचा हात धरून उभी राहिली, आणि आम्ही माझ्या बहिणीला गाडीसकट वर उचललं. चाक बदललं, बसलेला टायर माझ्याखाली आला आणि गाडी निघाली. तेव्हा कुठे भावोजी हलक्या आवाजात म्हणाले, "आता दुसरी नाही, मधू." पुढची सगळी वाट आम्ही दोघं रस्त्यावरचा खडा न् खडा बघत गेलो. कुठे काही करकरलं की मी खिडकीतून वाकून चाक बघे. मागे ताईचं कण्हणंही थांबलं होतं, आणि त्याची तर आणखीच भीती वाटत होती.

इस्पितळात डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी काढली. दोघी वाचल्या. मी आनंदाने भावोजींना शोधत बाहेर आलो, तर गाडीही नाही आणि तेही नाहीत. दिवेलागणीला परतले, हात धुतले, मगच मुलीला घेतलं. पंक्चर काढायला गेले होते. "परत जाताना ही पण असणार ना गाडीत," असं म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले.

तीच सुधा यंदा चौथी पास झाली. पुढच्या शाळेसाठी तिला माझ्याकडे अलिबागला ठेवायचं भावोजींनीच ठरवलं होतं, स्वतः सोडायला येणार होते. गाडी आता चालवणारं कोणी नाही. म्हणून मागच्या आठवड्यात मी तिला न्यायला गेलो. ताई एस्टी स्टँडपर्यंत आली. तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मी ट्रंक वर चढवली आणि मागे पाहिलं, तर सुधा पायरीशी नव्हती. ती ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभी राहून वर बघत होती.

"काका, हिला स्टेपनी आहे?"

"हाय की. तिकडं बघ, खाली बांधलीय."

ती मागच्या बाजूला गेली आणि नव्या फ्रॉकची पर्वा न करता गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकली. हात आत घालून तिने टायर दोन ठिकाणी दाबून पाहिला. ताई तोंडावर पदर घेऊन बघत होती. सुधा उठली, धुळीचे हात झटकले आणि आईजवळ येऊन म्हणाली, "हवा आहे." मग गाडीत चढली.